उलकानची सही

मेदेरबेक: ...आणि स्वयंपाकीणबाई म्हणतायत, मला पोरांनी मतदान करून काढलं, मी चालले. बसा, सायरागुल एजे, बसा. तुमच्या लोकशाहीपायी आज विशेष मुलांच्या ह्या निवासी शाळेत ऐंशी पोरांची दुपार उपाशी गेलीय.

सायरागुल: बाईंना कुणी काढलेलं नाही, मेदेरबेक आगाय. जवाच्या लापशीला काढलंय. अकरा विरुद्ध एक.

मेदेरबेक: तो एक कोण? त्याला मी मुख्याध्यापक म्हणून बक्षीस देतो.

सायरागुल: मतदान गुप्त होतं.

मेदेरबेक: गुप्त! बुटांच्या खोक्यात! तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही, आणि मतदान म्हणे गुप्त!

सायरागुल: मतपत्रिकेवर नाव लिहायचं नसतंच. दर निवडणुकीला आपल्याच शाळेच्या सभागृहात मतदान केंद्राचे अध्यक्ष म्हणून बसता, तुम्हाला माहीत असेल असं मला उगाचच वाटत होतं.

मेदेरबेक: माझ्या केंद्रावर शहाणीसुरती माणसं येतात.

सायरागुल: येतात ना. मागच्या खेपेला एक शहाणासुरता मलाच विचारत होता, कुणाला दिलं म्हणजे गाडीनं घरी सोडतात? माझी पोरं अजून तेवढी पुढे गेलेली नाहीत.

मेदेरबेक: हळू बोला, भिंती पातळ आहेत. बरं, लापशीचं राहू द्या. उद्या शेवया करायला सांगतो, बाईंची समजूत मी घालतो. तुम्हाला बोलावलं ते उलकानसाठी.

सायरागुल: तिनं काय केलं?

मेदेरबेक: तिनं काही केलं नाही. अठरा वर्षांची झाली, एवढंच. तिच्या मावशीनं कोर्टात अर्ज टाकलाय. मुलीला स्वतःचं बरंवाईट कळत नाही असं कोर्टानं ठरवावं आणि मावशीला कायमची पालक नेमावं. डॉक्टरांचा कागद झालाय. शुक्रवारी सुनावणी. शाळेचा अहवाल तेवढा माझ्याकडून हवा होता.

सायरागुल: आणि तुम्ही तो लिहून मोकळे झालात.

मेदेरबेक: दीड पान. छान उतरलाय, ऐका. ‘सदर विद्यार्थिनीस दैनंदिन व्यवहाराचे आकलन नाही. ती स्वतःचे मत मांडू शकत नाही.’

सायरागुल: सकाळी तर तिच्या मतापायी स्वयंपाकीण पदरात तोंड घालून रडत होती.

मेदेरबेक: ते अकरा जणांचं मिळून होतं. एकेकट्याचं काही नसतं.

सायरागुल: आगाय, कोर्टानं एकदा असं ठरवलं की ती पोर मत देऊ शकत नाही. लग्न करू शकत नाही. टपालवाल्याच्या वहीत साधी सही करू शकत नाही. दोन वेळा जेवेल, झोपेल, आणि कागदावर मेलेली असेल.

मेदेरबेक: मला कायदा शिकवू नका. तिची मावशी, कालीपा, वाईट बाई नाही. पोरीची आई गेल्यापासून हिनंच केलंय सगळं. दर शनिवारी एवढ्या लांबून बसनं येऊन पोरीला घरी नेते. तिला घोर एकच, की मी डोळे मिटल्यावर कुणीतरी गोड बोलून पोरीची सही घेईल आणि राहतं घर जाईल. सही करायचा हक्कच नसला, तर घेणार कोण? सांगा, ह्यात काय चुकीचं आहे?

सायरागुल: काहीच नाही. चोर येऊ नये म्हणून दारच भिंतीत चिणून टाकायचं. आत कोण राहिलं ह्याची चौकशी करायला मग वाट कुठली? उलकानला विचारलं कुणी?

मेदेरबेक: अर्जात लिहिलंय, तिला हजर करायची गरज नाही.

सायरागुल: मी तिला आणणार.

मेदेरबेक: शाळेची गाडी दुरुस्तीला गेलीय.

सायरागुल: तुमची आहे ना. साक्षीला तुम्ही जाणारच आहात. मागची सीट रिकामी नेऊन पेट्रोल वाचत नसतं.

*

सायरागुल: पुन्हा एकदा. मी न्यायाधीशबाई. हे माझं टेबल. ‘उलकान, तुझं काय म्हणणं आहे?’

उलकान: ...

सायरागुल: ‘मला माझे निर्णय...’

उलकान: मला माझे निर्णय.

सायरागुल: ‘स्वतः घेण्याचा...’

उलकान: ...

सायरागुल: ‘हक्क आहे.’ म्हण ना, पोरी. हक्क आहे.

उलकान: आहे.

सायरागुल: नुसतं ‘आहे’ नाही, सगळं वाक्य.

उलकान: वाक्य मोठं आहे.

सायरागुल: मोठं कुठलं? सात शब्दांचं तर आहे.

उलकान: माझं नाही ते.

सायरागुल: मग कुणाचं?

उलकान: तुमचं. तुम्हीच म्हणा. तुम्हाला पाठ आहे.

सायरागुल: अगं, मला कोण विचारणार आहे? तुला विचारतील.

उलकान: मग तुम्ही का बोलता?

सायरागुल: घ्या! नऊ वर्षं घसा फोडून शिकवलं, बोला, बोला, आणि पहिलं धड वाक्य माझ्यावरच उलटलं. बरं. मी गप्प. तुझ्या शब्दांत सांग. तुला काय वाटतं?

उलकान: ...

सायरागुल: म्हणजे तुला मावशीकडे राहायला...

उलकान: बघा.

सायरागुल: काय बघू?

उलकान: तुम्ही थांबत नाही. मी शब्द शोधते. सापडायला आला की तुम्ही तुमचा देता. मग माझा पळतो.

सायरागुल: ...आजवर का नाही सांगितलंस हे?

उलकान: सांगत होते. तुम्ही थांबला नाहीत.

सायरागुल: शाब्बास. हे माझ्या निवृत्तीच्या समारंभात फलकावर लिहून लावा. मग किती वेळ थांबायचं मी?

उलकान: शंभर मोजा. मनात.

सायरागुल: शंभर! न्यायाधीशबाईंना पाठोपाठ चार घटस्फोट उरकायचे असतात, बाई. त्या दहाच्या पुढे जाणार नाहीत.

उलकान: तुम्ही त्यांना सांगा. ‘थांबा’ म्हणा. तेवढंच म्हणा.

सायरागुल: तेवढंच. बरं.

उलकान: एजे.

सायरागुल: ...

उलकान: तायेझे वाईट आहे का?

सायरागुल: नाही गं. तुझी मावशी चांगली आहे. भित्री आहे जरा.

उलकान: मग मी तिच्याविरुद्ध का बोलू?

सायरागुल: ...

उलकान: आता बोला. आता तुमची पाळी.

सायरागुल: मोजत होते मी. माझाही शब्द सापडत नव्हता. विरुद्ध नको बोलूस. तिच्याशीच बोल. न्यायाधीशबाई समोर बसल्या असतील, बसू देत.

उलकान: तिला काय सांगू?

सायरागुल: ते मला माहीत असतं, तर मी केव्हाच तुझ्या तोंडात घातलं नसतं का?

*

मेदेरबेक: बसा आता ह्या बाकावर. न्यायाधीशबाई आत हिच्या मावशीशी एकटीशी बोलतायत. तोवर मी माझा राजीनामा कोणत्या शब्दांत लिहायचा ते ठरवतो. उलकान, तुझी तळलेली बोरसोकं उरली असतील तर एक इकडे दे. कोर्टात पोट फार रिकामं होतं.

सायरागुल: तुमची नोकरी कुठे जात नाही. त्या थंडीत, त्या पगारावर, त्या लापशीवर दुसरा कोण येणार आहे?

मेदेरबेक: आधार दिलात, उपकार झाले. काय सुरुवात होती पण! ‘शंभरातून सात गेले, किती उरले?’ तर म्हणे, येत नाही.

उलकान: येत नाही मला.

सायरागुल: मला तरी कुठे पटकन आलं?

मेदेरबेक: ‘नदी आणि तलाव ह्यांत फरक काय?’ तर म्हणे, आजोबा तलावात बुडाले.

उलकान: नदीत नाही बुडाले.

मेदेरबेक: कळलं, बाई. न्यायाधीशबाईंनाही कळलं, लगेच पाणी प्याल्या. मग म्हणाल्या, ‘तुझं स्वतःचं काही म्हणणं आहे का?’ आणि सगळं चिडीचूप. लेखनिकानं लिहायलाही घेतलं, ‘निरुत्तर’. तेवढ्यात तुम्ही उभ्या राहिलात. मी मनात म्हटलं, झालं, आता एजे पाऊण तास बोलणार आणि आपल्या तिघांनाही आत टाकणार.

सायरागुल: मी एकच शब्द बोलले.

मेदेरबेक: ‘थांबा.’ न्यायाधीशांना! बरोबर काम करतोय तेव्हापासून तुमचं एका शब्दाचं वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकलं.

उलकान: एजे मोजत होत्या. ओठ हलत होते.

सायरागुल: ब्याऐंशीपर्यंत गेले. जीभ चावून चावून अजून दुखतेय.

मेदेरबेक: आणि ब्याऐंशी झाल्यावर ह्या बाईसाहेबांना शब्द सापडला. कुठला? तर ‘घंटा’! ‘घंटा. आगायना विचारा.’

सायरागुल: मला अजूनही सगळं नीट कळलेलं नाही. कुठली घंटा? आत तुम्ही जानेवारी म्हणालात, तेव्हा तर मी दवाखान्यात होते.

मेदेरबेक: न सांगून चालेल का?

उलकान: मी सांगते.

मेदेरबेक: नको, नको. तू सांगितलंस की पुरावा होतो. मीच सांगतो. आग लागली तर काय करायचं ह्याचा सराव दर हिवाळ्यात घ्यावा लागतो. वहीत नोंद करायची, घंटा वाजली, मुलं चार मिनिटांत बाहेर आली. खाली शिक्षकांच्या आणि मोठ्या मुलांच्या सह्या. आमच्याकडे दरवर्षी नेमानं होतात.

सायरागुल: सराव?

मेदेरबेक: सह्या. बाहेर उणे वीस, एजे! कोण काढतंय पोरांना बाहेर? सगळ्यांनी निमूट सह्या केल्या. ही म्हणाली, वाचून दाखवा. दाखवलं. म्हणाली, परत. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. तर म्हणाली...

उलकान: घंटा वाजली नाही.

मेदेरबेक: मी म्हटलं, वाजली असं समज.

उलकान: मी म्हटलं, समजते. पण वाजली नाही.

मेदेरबेक: मी समजावलं. मग रागावलो. मग चांगला ओरडलो. ही आपली लेखणी टेबलावर ठेवून उभी. तिकडे तपासनीस फाटकातून आत शिरलेला. शेवटी नाइलाजानं घंटा वाजवली. चार मिनिटं म्हणे! एकोणीस लागली. मागचं दार बर्फानं धरलेलं होतं, उघडेचना. कुऱ्हाड आणून फोडावं लागलं.

सायरागुल: म्हणजे खरोखरची आग लागली असती, तर...

मेदेरबेक: ते वाक्य पुरं करू नका. आत न्यायाधीशबाईंनी केलंय, आणि माझ्याकडे बघत केलंय.

सायरागुल: पण तुम्हाला नाही म्हणता आलं असतं, आगाय. ती नुसतं ‘घंटा’ म्हणाली होती. पोर काहीबाही बडबडते म्हणाला असतात, तर तुमच्या अहवालाशी किती छान जुळलं असतं.

मेदेरबेक: तसं म्हणणारच होतो. शब्द ओठांवर आलेले.

सायरागुल: मग?

मेदेरबेक: ती माझ्याकडे बघत थांबली होती. मी काय बोलतो त्याची वाट बघत. इतका वेळ माझ्यासाठी कुणी थांबत नाही, एजे. घरी तर मुळीच नाही. निघून गेलं तोंडातून खरं. सरकारी माणसाच्या हातून होतं असं कधीकधी.

सायरागुल: मी तुमच्याबद्दल गेली कित्येक वर्षं जे बोलत आलेय, त्यातलं थोडं मागे घेते.

मेदेरबेक: किती?

सायरागुल: थोडं म्हटलं ना.

मेदेरबेक: आणि मग ही मावशीकडे वळली. न्यायाधीशबाईंकडे पाठ करून! काय म्हणालीस गं? मला पुन्हा ऐकू दे.

उलकान: म्हटलं, तायेझे, मी ऐकल्याशिवाय सही करत नाही. आगाय ओरडले तरी नाही केली. तू मेलीस तरी नाही करणार. भिऊ नकोस.

सायरागुल: तिनं रुमालात तोंड लपवलं तेव्हा मी मोजायचं सोडून दिलं.

मेदेरबेक: तो लेखनिक बोलावतोय बघा. हिलाच बोलावतोय. जा, उलकान. आणि ‘तू मेलीस तरी’ हे पुन्हा म्हणू नकोस, एकदा पुरे झालं.

सायरागुल: मी येऊ बरोबर?

उलकान: नको.

मेदेरबेक: ऐकलंत? ‘नको.’ फळं लागली तुमच्या झाडाला.

सायरागुल: तिथं काय चाललं असेल हो?

मेदेरबेक: मला काय ठाऊक? ‘स्वतःचे मत मांडू शकत नाही’ ते वाक्य न्यायाधीशबाईंनी मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज चिरकला. हसू नका.

सायरागुल: हसत नाहीये. दात थंडीनं वाजतायत.

मेदेरबेक: दार उघडलं. कायम आपलं एकसारखं तोंड हिचं! आनंद आहे की दुःख, काही कळेल तर शपथ. बोल ना, काय झालं? ...एजे, मलाही मोजायला लावते ही.

उलकान: तायेझेनं अर्ज परत घेतला.

सायरागुल: माझे बाई!

उलकान: परत घ्यायचा कागद आधी मला वाचून दाखवला. मग म्हणाली, तुझं नाव आहे त्यात, तूही सही कर.

मेदेरबेक: केलीस ना? देवा, केलीस म्हण.

उलकान: माझं जन्मसाल चुकलंय. परत लिहायला सांगितलं.

*

(निवडणुकीचा रविवार. शाळेच्या सभागृहात मतदान चालू आहे. एका पडद्यामागे उलकान उभी आहे.)

सायरागुल: चोवीस मिनिटं झाली. मी जरा डोकावून येते.

मेदेरबेक: बसा खाली. पडद्याजवळ जायचं नाही. कायदा आहे.

सायरागुल: तुम्ही मला कायदा शिकवणार?

मेदेरबेक: आज माझ्या छातीवर बिल्ला आहे. रोज तुम्ही शिकवा, आज मी. ...काय म्हणता, आक्साकाल आजोबा? आत झोपली की काय? नाही, विचार करतेय. तुम्हाला घाई असेल तर पलीकडचा पडदा रिकामा आहे. अहो, गेल्या वेळी तुम्ही अर्ध्या मिनिटात बाहेर आलात आणि मला विचारलंत, ही निवडणूक होती कशाची? मी कुणाला बोललो का?

सायरागुल: ओळख पटवायच्या यंत्रावर बोट टेकल्यावर समोर तिचं नाव उमटलं, तेव्हा पाहिलंत का तिला? आधी सगळं नाव मोठ्यानं वाचलं, जन्मसाल तपासलं, आणि मग म्हणाली, बरोबर आहे.

मेदेरबेक: माझ्याच हातात कागद दिला तिनं. ‘वाचून दाखवा’ म्हणाली. म्हटलं, आज वाचता येणार नाही, आज तुझं तूच बघायचं. नावापुढे फोटो आहेत. इतकी खूश झाली, जसं काही मी तिला घोडा दिला.

सायरागुल: कुणाला देईल हो? मी वर्गात सगळ्या उमेदवारांची पत्रकं वाचून दाखवली, अगदी सारख्या आवाजात. चौथ्याचं वाचताना मात्र मला हसू फुटलं. तो म्हणतो, प्रत्येक गल्लीत दिवा लावीन. तीन निवडणुका म्हणतोय. हसले ते तिनं पाहिलं असेल का?

मेदेरबेक: म्हणजे तुम्ही वर्गात प्रचार केलात.

सायरागुल: हसले फक्त.

मेदेरबेक: मी काही ऐकलं नाही. मावशी कुठे आहे?

सायरागुल: बाहेर पायरीवर. आत यायला तयार नाही. म्हणते, मी समोर दिसले तर पोर मला विचारेल आणि मी सांगून बसेन.

मेदेरबेक: शहाणी बाई आहे. तुम्हीही पायरीवर जाऊन बसा ना.

सायरागुल: मी निरीक्षक आहे. कागद दाखवू?

मेदेरबेक: पडदा हलला. गप्प बसा. चेहरा सरळ ठेवा.

उलकान: झालं.

मेदेरबेक: तिकडे, त्या पेटीत सोड. हं. गिळला पेटीनं कागद. अभिनंदन, नागरिक. आता जा, मावशी वाट बघतेय.

उलकान: आगाय.

मेदेरबेक: बोल.

उलकान: ...

सायरागुल: ...

मेदेरबेक: ...

उलकान: आत खुर्ची नाही.

मेदेरबेक: खुर्ची? खुर्ची कशाला हवी आत?

उलकान: सात नावं आहेत. एकेका नावापाशी थांबावं लागतं. पाय दुखतात.

सायरागुल: तिचं म्हणणं असं की...

उलकान: एजे.

सायरागुल: हो, हो. मोजतेय.

उलकान: म्हाताऱ्यांचे जास्त दुखत असतील. म्हणून ते लवकर बाहेर येतात.

मेदेरबेक: इतक्या निवडणुका घेतल्या मी ह्या सभागृहात. खुर्ची कुणी मागितली नाही.

उलकान: मी मागते.

मेदेरबेक: ...एजे, उठा जरा.

सायरागुल: मी? मी कशाला?

मेदेरबेक: बाकीच्या डुगडुगतात. तुम्ही बसलाय तीच एक धड आहे.